विघटनास मनाई

सहकारी संस्थेत यंत्र बिघडले तर चालते, संचालक फुटला तर त्याची समजूत काढता येते; पण ‘विघटन’ (म्हणजे संस्थाच मोडीत निघणे) हा शब्द कुणी चुकूनही उच्चारत नाही. सातारा-सांगली भागात हे पाळण्यातल्या पोरालाही कळते. कळत नव्हते ते उंब्रजच्या कृष्णातला, कारण तो रसायनशास्त्र शिकला होता.

१९७४ साली तो कृष्णाकाठच्या एका सहकारी कागद कारखान्यात केमिस्ट होता. उसाच्या चिपाडाचा कागद व्हायचा आणि उरलेले काळे पाणी ओढ्याला सोडले जायचे (अहवालात ‘निसर्गार्पण’). त्याच ओढ्याकाठी कृष्णातच्या आईची, रंगूबाईंची विहीर होती. ओढ्याचे पाणी झिरपून तीही काळवंडली, आणि म्हशींनी तिच्या पाण्याला तोंड लावणे सोडले. आई मात्र ते गाळून पीत होती, आणि कृष्णातला त्याची भारी लाज वाटे.

म्हणून त्याने काळ्या पाण्यातले लिग्निन (झाडाला ताठ ठेवणारा पदार्थ) वेगळे काढले, रसायनांनी त्याची घडण बदलली आणि चिपाडाचा भुसा मिसळून रोपांसाठी कप केले. कपासकट रोप लावायचे. कप मातीत मिसळून जातो. दर हंगामाला नवे कप लागणार, म्हणजे काळ्या पाण्याला कायमचे काम मिळणार.

संचालक मंडळापुढे तो उत्साहाने म्हणाला, “दोन महिन्यांत संपूर्ण विघटन होतं.”

चेअरमन नानासोंनी विरोधी गटाकडे पाहिले, विरोधी गटाने नानासोंकडे.

“संस्था उबी राहून पाच वर्सं न्हाईत झाली,” नानासो म्हणाले, “आन् तुमी विघटनाचा माल काढताय व्हय?”

विघटन म्हणजे नुसते कुजणे, असा खुलासा कृष्णातने केला. त्याने प्रकरण आणखी चिघळले. अखेर दोन्ही गटांनी, स्थापनेनंतर प्रथमच, एकमताने ठराव केला: संस्थेच्या मालाचे कदापि विघटन होऊ नये. नोकरी टिकवायची म्हणून कृष्णातने घडण पुन्हा बदलली. नवा कप दगडावर आपटला की दगडाचा टवका उडे.

परिणाम समाधानकारक होते. वांग्याची रोपे कपातच गुदमरून मेली. कप शंभर टक्के शाबूत राहिले. शेतकऱ्यांनी ते उकरून, धुऊन मिसरी आणि खिळे ठेवायला घेतले. नवे कुणीच मागेना. कप-विभाग बंद झाला आणि निसर्गार्पण पूर्ववत सुरू झाले.

रंगूबाईंनी त्यातल्याच एका कपात विहिरीचे पाणी भरून लेकापुढे ठेवले.

“पानी काळंच हाय,” त्या म्हणाल्या, “पर कप लय टिकाऊ केलास रं.”

नानासोंना हसण्यापूर्वी वाचकांनी एवढेच आठवावे, की परवा बाजारात प्लास्टिकच्या बादलीला टिचकी मारताना आपण दुकानदाराला ‘टिकेल ना?’ याखेरीज दुसरे काही विचारले होते काय.