जगाच्या बँकेला नानाचा ठराव

२०२३ साल. मी त्र्याहत्तर वर्षांचा, शाळा तिसरीपर्यंत. तरी लिहून राह्यलो, कारण आमच्या गंगाधरनानाला लोक येडा म्हणतात अन् ते मला खपत न्हाई.

नानाला कशालाबी दोन माणसं लागतात. राजूरला हाटेलात बसलो तरी हा मोठ्यानं म्हणणार, "चहाचा सूचक मी. अनुमोदक कोण?" कोणी 'मी' म्हणलं तरच चहा.

खरं भांडण मात्र जगाच्या बँकेशी. साऱ्या देशांची मिळून एक बँक हाय म्हणं. तिथं ज्याचा वाटा मोठा, त्याची मतं जास्त. नानानं हे रेडिओवर ऐकलं अन् तीन दिवस त्याला जेवण गोड लागलं न्हाई.

"आपल्या गावच्या शेतकरी सोसायटीत बघ," तो म्हणतो. "पन्नास एकरवाल्याला एक हात, अर्ध्या एकरवाल्याला एकच हात. बराबर? मंग तिकडं एकेकाला वीस हात कसे फुटले? रावण हाय का तो?"

दरसाल सोसायटीच्या सभेत त्याचा एकच ठराव: जगाच्या बँकेनं एक देश, एक मत करावं. चेअरमन विचारतो, अनुमोदक कोण? सभा हसते. अनुमोदक न्हाई, ठराव पडला. मीबी खाली बघायचो.

यंदाच्या सभेत चेअरमन म्हणला, "नाना, त्या बँकेला मराठी येती का?"

"न्हाई येत. तेबी ठरावात घाला."

लोक पोट धरून हसले. ठराव पुन्हा पडला.

परत येताना मी म्हणलं, "नान्या, त्या गरीब देशांत तुझा कोण सोयरा हाय रे?"

तो थांबला. "माझी माय सभासद होती. विधवा बाई म्हणून दाराबाहेर बसवायचे. ठराव आत व्हायचा अन् शाई बाहेर यायची. अंगठा तिचा, मत दुसऱ्याचं. मी शेजारी बसून बघायचो. तिच्या बाजूनं एक माणूस बोलला न्हाई."

शाई घेऊन बाहेर जायचे ते सेक्रेटरी म्हणजे माझे वडील. नानाला हे ठाऊक हाय. साठ वर्षांच्या दोस्तीत एकदाबी बोलला न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चेअरमनच्या घरी गेल्तो.

"सभा संपली की, आबा."

"मंग दुसरी बोलव. जल्दी कागद काढ. अनुमोदक मी."

सही करायला मला वेळ लागतो. तेवढा वेळ त्याला उभं ठेवलं.