‘ओहोटी’ची पहिली बाजू

शनिवार, संध्याकाळचे सव्वासहा. कोपरखैरणे गावातल्या गंगाराम पाटलांची मुलगी गोजरा सासरी निघाली. लग्न अजून लागायचं होतं.

ही झाली बातमी. आता तपशील.

मी दैनिकात काम करतो. आमच्याकडे आधी घटना, मग कारण, मग कोण काय म्हणालं, असा क्रम असतो. “आणि आपण काय घोळ घातला ते शेवटी, जागा उरली तर!” अशी भर आमची सुनीती घालते. सुनीती म्हणजे माझी बायको. पण इतक्या वर्षांत माझ्या बातमीखाली कधी चूकदुरुस्ती छापावी लागलेली नाही, हे मी इथे छाती फुगवून सांगतो. निदान आज संध्याकाळपर्यंत तरी लागली नव्हती.

सगळं सुरू झालं ते दिलीपच्या रेकॉर्डपासून. दिलीप हा गंगारामांचा मुलगा, गोजराचा भाऊ. दिवसा पावणे गावातल्या एका कारखान्यात लेथ चालवतो आणि सुट्टीच्या दिवशी मिठागराच्या बांधावर बसून गिटार वाजवतो. त्याचा रॉक बँड आहे. नाव ‘खारफुटी’. चार पोरं, चौघांचेही केस खारफुटीसारखेच! त्यांची पहिली लाँग प्ले रेकॉर्ड तयार झाली होती. नाव ‘ओहोटी’. मुंबईच्या कंपनीने नमुन्याच्या काही तबकड्या काढून दिल्या, त्यातली एक दिलीपने वाशीला माझ्या घरी आणून दिली. कव्हर नाही, लेबल कोरं पांढरं. त्यावर पेन्सिलीने एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन.

“काका, ही सुटी गानी नायत,” तो म्हणाला. “सगली मिलून एकच गोष्ट हाय. एका लग्नाची. आत्याचे सगले धवले हायत त्यात. मधे सुई उचलायची नाय. पयल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची. मंग लिवा पेपरात.”

त्याची आत्या म्हणजे गिरजाबाई, गावची धवलारीण. बाहेरच्यांसाठी सांगतो: इथल्या जुन्या गावांत लग्न धवलारीण लावते. प्रत्येक विधीचा एक धवला असतो, म्हणजे गाणं. धवला निघाल्याशिवाय कोणी हळदीच्या वाटीला बोट लावत नाही. आणि एकदा धवला निघाला, की तो विधी झालाच पाहिजे. अर्धा सोडला तर अपशकुन. गिरजाबाईंचा या बाबतीतला शब्द म्हणजे मंत्रालयातून आलेला जीआर! फरक इतकाच, की त्यांचा अंमलात येतो.

मी त्याच रात्री वेताच्या खुर्चीत बसून रेकॉर्ड लावली. आधी खाडीचं पाणी ऐकू आलं, चिखलातून हळूहळू सरकणारं. मग गिटार. एकेक सूर असा येत होता, जसा एखादा बगळा उडावं की उडू नये याचा विचार करतोय. शब्द नाहीत, घाई नाही. मला वाटलं, आपण होडीत आडवे पडलोय आणि कोणीतरी दोर सोडलाय. गिरजाबाईंचा आवाज यायच्या आधीच मला झोप लागली. इतकी गाढ झोप मला लग्नानंतर प्रथमच लागली.

सकाळी मी लिहिलं: ‘विवाहाचे सर्व विधी आरंभापासून अंतापर्यंत क्रमवार उलगडणारी अपूर्व ध्वनिमुद्रिका.’

“ऐकली का सगळी?” सुनीतीने विचारलं.

“अनुभवली!” मी म्हणालो.

मजकूर बुधवारी छापून आला. शुक्रवारी गोजराच्या हळदीला गिरजाबाईंनी तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली, फुटक्या पिपाणीतून यावी तशी. लगीनसराईत महिनाभर रोज गाऊन घसा बसला होता. हळद राहिली. मुहूर्त दाट, आसपासच्या सगळ्या धवलारणी आधीच ठरलेल्या. पावणे गावचे मारोती म्हात्रे, म्हणजे नवऱ्यामुलाचे, गोटीरामचे वडील, यांनी निरोप धाडला: “उद्या लगीन लागलं तं लागलं. नाय तं आमी दुसरीकडं बगू.”

हा निरोप ऐकून गोजरा म्हणे विहिरीवर जाऊन अर्धा तास पाणी शेंदत होती. भांडी सगळी आधीच भरलेली होती. तिला गोटीरामच हवा होता. दोन वर्षं ती आणि तो एकाच रस्त्याने कामाला जात होते आणि एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते. प्रेम याहून किती करणार?

शनिवारी सकाळी गंगारामशेठ माझ्या दारात. हातात बुधवारचा पेपर.

“सायेब, तुमी लिवलंय, सगलं लगीन त्यात हाय. क्रमानं हाय. खरं ना?”

“छापलंय म्हणजे खरंच!”

“मंग कर्न्यावर लावूया का? आवाज तं गिरजाचाच हाय.”

कल्पना माझीच असल्यासारखा मी उभा राहिलो. “गंगारामशेठ, काळजी सोडा. सुई ठेवायची आणि मोकळं व्हायचं. लग्न आपोआप लागेल!”

“एकदा आधी ऐकून बघा,” आतून सुनीती म्हणाली. “आणि दिलीपला विचारा.”

दिलीप रेकॉर्डची छापील कव्हरं आणायला पहाटेच मुंबईला गेला होता. आणि मी आधी ऐकायचं म्हणजे मी माझ्याच बातमीवर अविश्वास दाखवायचा!

संध्याकाळी मंडप भरला. ठरलं असं, की राहिलेली हळद आणि लग्न एका बैठकीतच उरकायचं. वऱ्हाड टेम्पोतून आलं. मारोतीशेठ खुर्चीत असे बसले, जसे कांद्याच्या लिलावाला बसलेत. गोटीराम खाली मान घालून. मधोमध पाटावर गिरजाबाई, गळ्याभोवती लोकरीचा मफलर, मे महिन्यात! सिताराम स्पीकरवाल्याने माडाला दोन कर्णे बांधले, बुंध्याशी प्लेअर टेकवला, रेकॉर्ड पदराने पुसावी तशी शर्टाने पुसली आणि माझ्याकडे पाहिलं.

“कंची बाजू?”

“पहिली,” मी म्हणालो. “सुरुवात सुरुवातीपासूनच करतात.”

खाडीचं पाणी कर्ण्यातून गावभर पसरलं. मग गिटार आली. पोरं पळायची थांबली. बायकांच्या हातांतले पंखे हळू झाले. उन्हाचा रंग आंब्याच्या रसासारखा झाला होता आणि त्यातून तो सूर तरंगत चालला होता. मारोतीशेठांचा जबडासुद्धा सैल पडला. मी सुनीतीकडे विजयी नजरेने पाहिलं.

आणि गिरजाबाईंचा आवाज उठला.

“निंगाली गो निंगाली, बाय परक्याचे दारी...”

मंडपातल्या बायकांनी एकदम हुंदका दिला. सवयच ती! पाटावर बसलेल्या गिरजाबाईंनी डोळे मिटले, आपल्याच आवाजावर डोलल्या, आणि मग त्यांचे डोळे खाडकन उघडले.

“सायेब,” गंगाराम माझ्या कानाशी आले, “हा पाठवनीचा धवला हाय.”

“हळदीचा पुढे असेल.”

“पाठवनीनंतर हलद? पुढं काय, बारशानंतर साखरपुडा?”

“बंद कर रे!” कोणीतरी सितारामला ओरडलं. सितारामचा हात सुईकडे गेला. गिरजाबाईंनी पाटावर हात आपटला. त्या बोलू शकत नव्हत्या, पण तळहात आडवा करून तीनदा हवा कापली. अर्थ सगळ्या गावाला कळला. धवला निघालाय, अर्धा सोडायचा नाही.

“आत्या, मी अजून कुंवारीच हाय!” गोजरा म्हणाली.

गिरजाबाईंनी टेम्पोकडे बोट केलं.

मग ज्या शांतपणे सगळं घडलं, ते आठवलं की अजूनही मला झोपेत असल्यासारखं वाटतं. बायकांनी गोजराची ओटी भरली. गंगारामांनी लेकीला पोटाशी धरलं आणि खरंखुरं रडले. गोजराही रडली, मग रडता रडता तिच्या लक्षात आलं की आपण टेम्पोत गोटीरामच्या शेजारी बसलोय, आणि रडू मधेच थांबलं. टेम्पो निघाला. सव्वासहा वाजले होते. कर्ण्यातून गिटार त्याच्या मागे मागे बांधापर्यंत गेली.

“अहो, पण लग्न?” मी म्हणालो.

“ते तुम्ही छापून टाका,” सुनीती म्हणाली.

धवला संपताच मी सितारामकडे धावलो. “हळदीचं गाणं शोध! दोन गाण्यांच्या मध्ये गुळगुळीत पट्टी असते, तिथे सुई ठेव.”

सितारामने रेकॉर्ड दिव्याखाली धरली. “पट्टीच नाय. सगली रेकॉर्ड येकच रेघ हाय, सायेब. कुटं संपतं, कुटं लागतं, देवाला ठाव!”

सगळी मिळून एकच गोष्ट! दिलीपने सांगितलं होतं ते हेच. सितारामने देवाचं नाव घेऊन मधेच कुठेतरी सुई टेकवली. गिरजाबाईंचा आवाज लागला आणि साऱ्या मंडपाचे हात वर गेले. अक्षतांचा धवला!

“कोनावर टाकायच्या?” एका म्हातारीने विचारलं.

मिठागराच्या पलीकडे बांधावर टेम्पो दिसत होता. ड्रायव्हरला गिटारीने गुंगी आली होती म्हणून त्याने गाडी उभी केली होती, हे नंतर कळलं. सगळ्या मंडपाने त्या दिशेने अक्षता उधळल्या. तिकडून टेम्पोतल्या करवल्यांनीही उधळल्या. मधल्या पाण्यावरून एक बगळा उडाला, त्याच्यावर बहुतेक सगळ्या पडल्या.

“लागलं का लगीन?” मारोतीशेठ उभे राहिले. “आमचा मुलगा तिकडं, आमी इकडं, हलद डब्यात! ही काय पद्धत झाली?”

गिरजाबाईंनी दोन बोटांनी रेकॉर्ड उलटायची खूण केली. दुसरी बाजू लागली. पहिला सूर हळदीचा! मंडपात टाळ्या पडल्या. पण हळद लावायला नवरानवरी हवीत. दोघंतिघं बांधाकडे हाका मारत सुटले. बांध अरुंद, टेम्पो वळेना. मग आम्ही सगळ्यांनी पाहिलं: सूर्य खाडीत उतरतोय, कर्ण्यातून हळद गातेय, आणि पाठवणीचा टेम्पो मागच्या मागे, रिव्हर्समध्ये, हळूहळू माहेरी परत येतोय. गोजरा मागे तोंड करून बसलेली, म्हणजे आमच्याकडे बघत. ती हसत होती.

हळद सुरू झाली आणि सुई अडकली. “लाव गो हलद, लाव गो हलद, लाव गो हलद...” धवला चालू आहे तोवर विधी थांबवता येत नाही! बायका हळद लावतच राहिल्या. तोंड झालं, हात झाले, मान झाली, मग साडी, मग गोटीरामची टोपी. नवरानवरी ओळखू येईनात. शेवटी सितारामने कर्ण्याच्या माडाला लाथ घातली, तेव्हा सुई पुढे सरकली.

इतक्यात दिलीप आला. काखेत कव्हरांचं पुडकं. त्याने पिवळी बहीण पाहिली, टेम्पो पाहिला, जमिनीवरच्या अक्षता पाहिल्या. पण त्याचे कान कर्ण्याकडेच होते.

“आयला! तुमी पुरी रेकॉर्ड लावलीत?” त्याचे डोळे भरून आले. “कशी वाटली?”

“अरे गाढवा,” गंगाराम म्हणाले, “लगीन उलटं हाय ह्यात!”

“मंग! ओहोटी हाय ना ती, बाबा. पोरगी गेली. आयस दारात बसलीय आनि आटवत आटवत मागं जातेय. पाठवनी, अक्षता, हलद, आनि सगल्यात शेवटी मागनी. पानी कसं मागं मागं जातं, तसं. कन्सेप्ट हाय ती! काकांनी लिवलंय की.”

त्याने पुडकं सोडून एक कव्हर वर धरलं. निळी खाडी, लांब जाणारी होडी, आणि खाली ठळक अक्षरांत माझं वाक्य: ‘आरंभापासून अंतापर्यंत क्रमवार.’ खाली माझं नाव. सुनीतीने ते मोठ्याने वाचलं. दोनदा.

तेवढ्यात कर्ण्यातून मागणीचा धवला लागला. हा सगळ्यात हळू होता. गिटारही जवळजवळ थांबलेली, नुसतं पाणी. “आलू आमी दारी, देशाल का पोरी...” नियमाप्रमाणे मारोतीशेठांना उठावंच लागलं. रागावलेला माणूस हात जोडून उभा राहिला.

“गंगारामशेठ,” ते पुटपुटले, “तुमची गोजरा आमच्या गोटीरामला देता का?”

सगळे कर्ण्याकडे बघत राहिले. उत्तराचा धवला येईना. पाणी वाजत राहिलं, दूर गेलं, आणि मग सुई रिकाम्या जागेवर खर्र खर्र करू लागली.

“उत्तर कुटं हाय?” गंगाराम म्हणाले.

“उत्तर ठेवलंच नाय,” दिलीप अभिमानाने म्हणाला. “ऐकनाऱ्यानं मनात द्यायचं.”

“माझा होकारच हाय की!” गंगाराम ओरडले. “हो! हो! हो!”

गिरजाबाईंनी मान हलवली. नाही. होकार धवल्यातच द्यायचा. नाही तर मागणी अधांतरी, आणि मागणी अधांतरी तर पुढचं सगळं पाण्यावर. म्हणजे पाठवणी झालीय, अक्षता पडल्यात, हळद तर तीन लग्नांची झालीय, फक्त मुलगी द्यायची की नाही ते ठरायचंय!

“आत्या,” गोजरा पुढे झाली. हळदीतून फक्त डोळे दिसत होते. “तू नुसतं ‘हो’ म्हन. सुरात नको. कसंबी म्हन. मी ह्याच्याबरोबर एकदा गेले हाय, आता परत येनार नाय.”

गोटीराम पहिल्यांदाच बोलला. “मी पन.”

हे लिहितोय तेव्हा आठ वाजायला आलेत. पाहुण्यांच्या आग्रहाखातर सितारामने रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावलीय, पण आवाज अगदी बारीक, धवला निघाला असं कोणी म्हणू नये इतका. मारोतीशेठ खुर्चीतच पेंगतायत. गोजरा आणि गोटीराम मंडपाच्या खांबाला टेकून बसलेत, मधे एका हळकुंडाचं अंतर. गिरजाबाई होकाराच्या धवल्यासाठी मिठाच्या गरम पाण्याने गुळण्या करतायत. माझ्या कार्यालयातून दोनदा फोन आला, वाण्याच्या दुकानात: लग्नाची दोन ओळींची बातमी कधी देताय? मी ‘विवाह संपन्न’ असं लिहून खोडलं. मग ‘संपन्न होत आहे’ लिहिलं. सुनीती म्हणाली, “आरंभापासून अंतापर्यंत?” तेही खोडलं.

हाती आलेलं शेवटचं वृत्त: गिरजाबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि घसा खाकरला. सगळा मंडप उठून बसला आहे.