गोलाईच्या अलीकडं

गुंडेराव कंपाउंडर भेटले की रामराम करायच्या आधी तुमची मान धरायचे. जबड्याखाली दोन बोटं. आधी उजवीकडे, मग डावीकडे. "दोन्ही नाड्या चालू हायत. जावा!" हा निकाल मिळाल्याशिवाय लातुरात कुणाची सुटका नव्हती. एकदा भर कचेरीत त्यांनी खुद्द तहसीलदारसाहेबांच्या शेरवानीचा गळ्याचा हुक सोडला. साहेब लालबुंद झाले. गुंडेराव खूश, "रगत झकास चढायलंय, हुजूर!"

निजामाची अमदानी होती. मी शाळेत मास्तर, ते सरकारी दवाखान्यात, घरं शेजारी. दवाखान्यातल्या एका जुन्या उर्दू पुस्तकात त्यांना डोक्याच्या रक्तवाहिन्यांचं चित्र सापडलं आणि माणूस कामातूनच गेला.

"मास्तर, डोस्क्यात बी गंजगोलाई हाय!" म्हणत बाजारच्या दिवशी त्यांनी मला आमच्या त्या गोल पेठेत ओढत नेलं. "मानेतून चार रस्ते वर येतात. दोन मोठे पुढनं, दोन बारके मागनं, मणक्यातनं. मेंदूच्या बुडाशी मिळून गोलाई करतात. तिथून गल्ल्या फुटतात."

तेवढ्यात एका रस्त्याच्या तोंडाशी ज्वारीची गाडी उलटली. लोक गाडीवानाकडे धावले. गुंडेराव मात्र टाळ्या पिटायला लागले. कारण मागच्या गाड्या दुसऱ्या रस्त्यानं आत शिरल्या आणि गोलाईला वळसा घालून आपापल्या अडतीच्या दुकानापुढे उभ्या राहिल्या.

"बघितलं? गोलाईच्या अलीकडं अडलं तर माल पोचतोय. पलीकडं, गल्लीत अडलं तर मात्र..." मी हसत होतो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

त्यांच्या बायकोची, सुंदरावहिनींची, उजवी बाजू लुळी पडून वाचा गेली होती, हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. पण त्याचा नि मानेचा संबंध मी लावला नव्हता. तो त्यांनीच परतताना सांगितला.

"हिच्या मानेची डावी नाडी लागतच न्हाई, मास्तर. माझं बोटच तर चुकायलं न्हाई ना, म्हणून साऱ्या गावाच्या माना बघतो. गावाची लागती, हिचीच न्हाई. म्हंजी अडलंय ते गोलाईच्या अलीकडंच. येईल ना रगत वळसा घालून?"

मला काय कळत होतं? मी "हाव" म्हटलं.

थंडीतल्या एका सकाळी भिंतीपलीकडून त्यांची आरोळी आली. मी धावलो. वहिनी बाजेवर बसल्या होत्या, कपाळाला आठ्या. गुंडेरावांची बोटं त्यांच्या मानेवर तशीच.

"हात... गार," वहिनी पुन्हा म्हणाल्या.

कित्येक महिन्यांतले पहिले शब्द, आणि तेही नवऱ्याला दटावणारे! गुंडेराव अनवाणीच गोलाईत पळाले. अडत्या, हमाल, कचेरीचा शिपाई, दिसेल त्याला सांगत सुटले, "वळसा घालून आलं! माझे हात गार हायत म्हनली!" हमालांनी त्यांना पोत्यांच्या थप्पीवर चढवलं. तिथूनही त्यांनी तेच सांगितलं, आणि सारी गोलाई ओरडली.

त्यानंतर त्यांनी गावातली एकही मान धरली नाही. सुटलो म्हणायचं, पण ते समोरून आले की माझी हनुवटी आपोआप वर व्हायची. वहिनींची मान मात्र ते रोज सकाळी बघायचे. आधी चुलीपुढे हात शेकून.