चोरीला न जाणारं गाणं

दीपेशचं गाणं यंदा कुणाच्या बापाला चोरता येणार नव्हतं! कारण यंदा त्यामागे भारतीचं डोकं होतं, आणि भारती बी.कॉम. होती.

आशागडातल्या त्या घरात बी.कॉम. ती एकटीच. नवरा जीवन घोलवडला चिकूच्या पॅकिंगला जायचा. धाकटा दीर दीपेश गाणी करायचा. म्हणजे लिहायचा, चाल लावायचा, गायचा, मित्र लडक्याच्या कॅसिओवर संगीत भरायचा, यूट्यूबवर टाकायचा आणि मग दिवसभर फोन उघडून किती जणांनी बघितलं ते बघायचा. बघणाऱ्यांत बहुतेक वेळा तोच असायचा.

आणि भारतीचं काम? काळजी करणं. स्वयंपाक, धुणीभांडी हे सगळं मधल्या वेळात. काळजीचा मुख्य विषय हिरी. नुकती चालायला लागलेली ही कन्या जग तोंडाने तपासत होती. चपलेचा पट्टा, चार्जरची वायर, एकदा तर जिवंत मुंगळा! त्यात जीवन रोज पेटीत न बसणारे जास्त पिकलेले चिकू घरी आणायचा, म्हणजे चिकूच्या बिया आल्या. काळ्या, गुळगुळीत, टोकाला आकडा! तो आकडा पोरीच्या घशात अडकला तर काय, या विचाराने भारतीने अख्खा हिवाळा काढला होता.

त्यावर तिच्याकडे एकच हत्यार होतं. आवाज.

"थूक! आधी थूक! तोंड उघड बघू!"

हा आवाज कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत निघाला असता तर घरात कप असता. तो ऐकला की हिरीचं तोंड रेल्वेच्या फाटकासारखं उघडायचं आणि बी टपकन खाली. कोंबड्या पळायच्या. शेजारची सुनिता हातातलं भांडं ठेवून उभी राहायची. पण गुण यायचा.

आता गाण्याचं. आदल्या वर्षी दीपेशने लग्नाचं एक झकास गाणं केलं. सुरुवातीला स्वतःचं नाव, शेवटी स्वतःचं नाव. तलासरीकडच्या काकड्या डीजेने दोन्ही टोकं कापली, आपलं नाव डकवलं आणि सबंध मोसम ते वाजवलं. दीपेश एका लग्नात त्याच गाण्यावर नाचत असताना त्याला एकाने सांगितलं, "भारी लिवतो ना आपला काकड्या?"

ते दुःख त्याने गिळलं असतं. पण मध्ये कमळी होती. झरी गावची. तिचे वडील शुक्राबाबा म्हणाले होते, "पोरगा काय करतो? गाणी? मग ऐकू तरी दे कदी. मी तर काकड्याचीच ऐकतो."

बघा आता! ज्या गाण्याच्या जोरावर मुलगी मागायची, तेच गाणं दुसऱ्याच्या नावावर. आणि मे महिन्यात कमळीच्या थोरल्या बहिणीचं लग्न. दीपेशने ठरवलं, नवं गाणं करायचं, त्यात झरीचं नाव, शुक्राबाबांचं नाव, आणि ते आहेर म्हणून द्यायचं. पण लग्नाला डीजे कोण? काकड्याच!

"टोकाला नाव घातलंस म्हणून गेलं," भारती म्हणाली. "नोटेतली तार बघितलीस? काठाला असते का? मधून जाते. तसा शिक्का मार. दर कडव्यात. बाईच्या आवाजात. मग कापेल कुठून?"

दीपेश आणि लडक्या तिच्याकडे असे बघू लागले जसे काही तिनेच नोटा छापल्या.

"वहिनी, बाई कुठून आणू?"

"मी आहे ना! पण कुणाला सांगायचं नाही. लोक काय म्हणतील, पोर टाकून गाणी म्हणते."

रेकॉर्डिंग स्वयंपाकघरात झालं. खिडकीला गोधड्या, पंखा बंद, कुकर बंद, कोंबड्या सुनिताकडे. मे महिन्यात त्या खोलीत तिघं माणसं आणि एक पोर मोदकासारखी उकडत होती. दीपेशने आधी गाणं ऐकवलं.

"नवरा आला झरीच्या दारी, नवरी बघते चोरी चोरी..."

"हे बरं आहे," भारती म्हणाली. "नाहीतर तुझ्या प्रत्येक गाण्यातली पोरगी बाइकवर बसून दमणला का जाते रे?"

"फिरायला."

"तिला घरी काम नसतं? आईबाप विचारत नाहीत?"

"पिक्चरची हिरोइन बर्फात साडी नेसून नाचते, तिला कुणी विचारतं? सर्दी होईल म्हणून?"

"मी विचारते! मला तर तेवढंच दिसतं. आणि तुझ्या पोरीला निदान हेल्मेट तरी घाल गाण्यात."

"हेल्मेटला यमक नाय, वहिनी," लडक्या कॅसिओवरून म्हणाला.

"चॉकलेट घे."

लडक्याने खिशातलं चॉकलेट काढून तोंडात टाकलं. बी.कॉम. म्हणजे बी.कॉम.!

मग तिने घसा साफ करून वाक्य म्हटलं, "दीपेशचं गाणं, आशागडचं सोनं." एकदा, दोनदा, पुन्हा. दीपेश मान हलवत राहिला. आणि तेवढ्यात तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात दिसलं, की हिरीचा गाल फुगलाय!

"थूक! आधी थूक! तोंड उघड बघू!"

फाटक उघडलं. बी पडली. दचकून लडक्याच्या तोंडातलं चॉकलेटही पडलं.

"ते काढून टाक हं दीपेश," भारती कपाळ पुसत म्हणाली.

"काढतो ना," दीपेश म्हणाला. पण तो लडक्याकडे बघत होता, आणि लडक्या त्याच्याकडे. दोघांच्या चेहऱ्यावर खजिना सापडल्याचं तेज होतं. भारतीला ते तेज वाटलं उकाड्याचं.

*

लग्नाच्या दिवशी झरीला मांडव भरला होता. वऱ्हाड गुजरातेतून टेम्पो भरून आलेलं. एका बाजूला पंगत, दुसऱ्या बाजूला काकड्याचे माणसाएवढे बॉक्स. आहेराचं मेमरी कार्ड दीपेशने 'मधे मधे बाईचा आवाज हाय' असं सांगून कमळीच्या आईच्या, पुष्पाताईंच्या हातात दिलं होतं. ते तिथून काकड्याच्या हातात कसं गेलं हे विचारायची गरज नाही. डीजे तोच!

भारती हिरीला कडेवर घेऊन खांबाजवळ उभी होती. जवळ दीपेश, केसांना तेल लावून, जावयासारखा.

व्याहीभेटीची वेळ झाली. वरबाप पांढऱ्या कडक शर्टात पुढे आले. मुलीचे बाप शुक्राबाबा हात पसरून पुढे आले. त्यांच्या गालात नेहमीप्रमाणे तंबाखूची गोळी. सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत ती तिथेच असायची; पुष्पाताई म्हणायच्या, माझ्याआधी तिच्याशी लग्न झालंय.

काकड्याने माइक घेतला. "तर मंडळी! या शुभघडीला ऐका, तुमच्या काकड्याने सोता लिवलेलं, सोता बनवलेलं, एकदम नवीन गाणं! आणि यात मधे मधे आवाज हाय, खास मुंबईच्या सिंगर मॅडमचा!"

"बघ!" भारतीने दीपेशला कोपर मारलं. "आता शिक्का वाजेल आणि पडेल तोंडावर!"

"नवरा आला झरीच्या दारी, नवरी बघते चोरी चोरी..." बॉक्स धडधडले. दोन्ही व्याह्यांनी एकमेकांना मिठी मारली. आणि बॉक्समधून, मांडवाची कनात थरथरेल अशा आवाजात—

"थूक! आधी थूक! तोंड उघड बघू!"

शुक्राबाबा थुंकले.

त्यांचा काही दोष नव्हता. त्या आवाजात जगातल्या सगळ्या आयांचा हुकूम होता. पण शुक्राबाबांचं तोंड त्या वेळी वरबापाच्या खांद्यावर होतं. पांढऱ्या शर्टावर आधी एक लाल-तपकिरी ठिपका उमटला, मग त्याचा घोलवडचा चिकू झाला, मग पपई.

पंगतीतल्या पोरांनी जिलब्या थुंकल्या. एका आजोबांनी कवळी काढून हातात घेतली. वऱ्हाडातल्या मामांनी भाताचा घास पानात परत ठेवला आणि विचारलं, "का हो? जेवायला बोलावून थुंकायला सांगता?"

गाण्याला याचं काय! दुसऱ्या कडव्यात पुन्हा, "थूक! आधी थूक!"

"कोणी लिवलं हे?" वरबाप गरजले.

काकड्याने गाणं बंद केलं. एवढा शांत मांडव झरीने कधी ऐकला नसेल. "मी... मी तर फक्त बटण दाबतो," काकड्या म्हणाला.

"आत्ता तर बोलला, सोता लिवलं!"

इकडे भारती खांबाला चिकटली होती. "दीपेश! ते काढायला सांगितलं होतं ना तुला!"

"वहिनी, 'आशागडचं सोनं' तू असं म्हटलंस, जशी स्टेशनवरची बाई गाडी लेट असल्याचं सांगते. यात जीव होता गं!"

"आता जाईल तो जीव!"

"नाय जात. शांत राहा. गाणं काकड्याचं हाय. त्यानेच सांगितलं ना सगळ्यांना?" दीपेशच्या चेहऱ्यावर हळूहळू शांती पसरली. गाणं चोरीला गेल्याचा एवढा आनंद जगात आजवर कुठल्याही कलावंताला झाला नसेल. "देव पावला, वहिनी. काय पण चोरतो राव हा माणूस!"

भारतीनेही सुटकेचा श्वास सोडला. सोडता सोडता हिरीकडे बघितलं. हिरी खाली उतरली होती. पूजेच्या ताटापाशी बसली होती. ताटातली सुपारी ताटात नव्हती.

गाल फुगला होता!

आता तुम्हीच सांगा. आईने काय करायचं? आजूबाजूला बघून, घसा साफ करून, हळूच कानात सांगायचं?

"थूक! आधी थूक! तोंड उघड बघू!"

सुपारी टपकन पडली. बॉक्सशिवाय, माइकशिवाय, पण तोच आवाज, तेवढाच. दोनचार जण सवयीने परत थुंकले. आजोबांनी परत बसवलेली कवळी पुन्हा काढली. आणि अख्खा मांडव भारतीकडे वळला.

काकड्या हर्षाने उडालाच! "ह्या बघा मुंबईच्या सिंगर मॅडम! आशागडच्या! दीपेशच्या वहिनी! गाणं त्याचंच हाय, लिवलं त्यानेच, चाल त्याचीच! मी कदी बोललो माझं?"

इतकं संपूर्ण श्रेय दीपेशला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. तो तेल लावलेलं डोकं खाली घालून ते स्वीकारत होता.

भारतीला रडू फुटणार होतं. चिकू, बी, नोटेतली तार, शिक्का, सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. चूक माझी, पोराला बोल लावू नका, म्हणाली. शुक्राबाबा गालावरून हात फिरवत होते. गाल रिकामा होता, त्याचंच त्यांना जास्त दुःख दिसत होतं.

आणि मग पुष्पाताई हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, खांबाचा आधार घेऊन.

"एवढी वर्सं झाली सांगते, थूक ती तंबाखू, थूक! कदी ऐकलं नाय. आज पोरीच्या एका हाकेत थुंकला!" त्यांनी डोळे पुसले आणि दीपेशकडे वळल्या. "अय जावई, ते गाणं माझ्या फोनमधे टाक. नुसतं थूक-थूक टाकलंस तरी चालेल."

'जावई' ऐकून दीपेश हसू लागला. शुक्राबाबांनी तोंड उघडलं, बायकोकडे बघितलं आणि बंद केलं.

वरमाईने नवऱ्याच्या शर्टाकडे एकदा बघितलं. वरबापांचाही गाल फुगलेला होता, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. "मने पण आपजो," ती म्हणाली. मलाही द्या.

वरबापांना शुक्राबाबांचा शर्ट मिळाला. बटणं लागली नाहीत, पण सोयरीक टिकली.

कमळी दिवाळीनंतर आशागडला आली. एकाच अटीवर. शुक्राबाबांनी सांगितलं, "लग्नात तुझं एक पण गाणं वाजणार नाय!" म्हणून दीपेशच्या लग्नात काकड्याने पिक्चरची गाणी वाजवली, आणि ती स्वतः लिहिल्याचं सांगितलं.

गाणं मात्र पसरायचं ते पसरलं. डहाणू ते तलासरी, टमटममध्ये, ताडी विकणाऱ्या झोपडीत, पानाच्या टपरीवर तर मुद्दाम! बायका एकमेकींना पाठवत होत्या. कुणीच ते चोरत नव्हतं, कारण आवाज कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाजारात भारती भाव विचारायला तोंड उघडायची तोच भाजीवाला पान थुंकायचा. तिचा सल्ला तंतोतंत खरा ठरला होता. शिक्का पक्का बसला होता, फक्त गाण्याऐवजी तिच्यावर.

घरातही दिवसभर तेच. कमळी भाकऱ्या थापताना लावायची, जीवन पेट्या उतरवताना लावायचा, लडक्या तर ते कॅसिओवर हळू चालीत वाजवायचा.

मग एके दुपारी भारतीने पाहिलं. हिरी अंगणात, बाजूला फोडलेला चिकू, आणि गाल फुगलेला!

"थूक! आधी थूक! तोंड उघड बघू!"

हिरीने मान वर केली. डोळे चमकले. तिने दोन्ही हात वर केले, गुडघे वाकवले आणि बी गालात तशीच ठेवून नाचायला लागली.