तक्रार सांगू नये

आप्पा मगदूम वॉकमन दातांनी ऐकतात.

मी अलंकारिक काही लिहीत नाही. सांगलीतल्या त्यांच्या दुकानी तुम्ही एखादा जुनापुराणा बंद वॉकमन नेऊन दिलात, तर आप्पा तो उघडतात, स्पिरिटनं पुसतात, कॅसेट घालून सुरू करतात आणि त्याचा एक कोपरा दातांत करकचून धरून डोळे मिटतात. हेडफोन खुंटीला लटकलेला असतो. गिऱ्हाईक समोर अवघडून उभं. कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं आहे. "कान लबाड असत्यात. दात न्हाईत."

वॉकमनच्या पोटातल्या रबरी पट्ट्याला आप्पा करगोटा म्हणतात. "करगोटा सैल झालाय, म्हणून प्वार लटपटतंय." गाणं पुढं पळवायचं बटण दाबणाऱ्यांवर त्यांचा मनस्वी राग. "गाण्याला फरफटत न्हेत्यात व्हय? त्येच्यासंगं बसायचं असतंय." जैन घरातली शिस्त, दिवस मावळायच्या आत जेवायचं. त्यामुळं उन्हं कलली की शटर खाली येतं. मग कुणीही दार वाजवो, आप्पा घरी स्वतःच्या हातची भाकरी एकटे खात बसलेले असतात.

पण खरी गंमत दुकानातल्या पाटीची. आप्पांनी तिच्यावर स्वतः रंगवलंय, 'तक्रार सांगू नये. वस्तू ठेवून जावे.' तरीही कुणी सांगू लागलं, की आप्पा पंजा वर करतात. "तू गप गड्या. मशीनला बोलू दे."

माझ्या घरी पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. अक्षरओळखही मला त्यांच्यावरूनच झाली. असा माणूस या पाटीवर लुब्ध होणार नाही तर काय? बिघडलं की फेका आणि नवं घ्या, या बाजारू शिकवणुकीला सांगलीच्या एका बोळातून कुणीतरी ठणकावून नाही म्हणत होतं! मी पत्रक काढलं. मथळा 'फेकू नका!' आत आप्पांवर एक जळजळीत परिच्छेद: मालकाची बडबड नाकारून वस्तूचं म्हणणं ऐकणारा कारागीर. सांगलीत वाटलं, सातारच्या स्टँडवर वाटलं. वाईपासून लोक माळ्यावरचे वॉकमन पिशवीत घालून येऊ लागले. आप्पा मात्र दिवसेंदिवस चिडचिडे होत गेले. मला वाटलं, चळवळ वाढली की ताण येतोच.

तेच पत्रक वाचून विट्याच्या शालनकाकी आल्या. वॉकमन ठेवून गेल्या, दुरुस्त झालेला घेऊन गेल्या, आणि आठवड्याभरात परत आल्या. पाटीकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. वॉकमन काउंटरवर ठेवला आणि बटण दाबलं. त्याला पोटातच इवलासा स्पीकर होता. त्यातून एक पुरुष चिमणीसारखा चिवचिवायला लागला. "शालन, कशी हायस? म्हशीला पेंड घालतीस न्हवं?" सगळं भरभर आणि किरट्या आवाजात.

दुकानातली दोन गिऱ्हाइकं फिसकन हसली. मीही हसलो. आम्हाला हसताना बघून आप्पाही हसले.

काकींचा चेहरा उतरला. "आवं आप्पा, तुमी बी हसताय व्हय?"

मग त्यांनी सांगितलं. विट्याकडची पुष्कळ माणसं सोनं गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली. त्यांचे मालक, तात्या, कोइमतूरला दुकान चालवायचे. पत्र लिहायचा त्यांना कंटाळा, म्हणून कॅसेटमध्ये बोलायचे आणि गावाकडं निघालेल्या कुणाच्या तरी हाती ती धाडायचे. आता तात्या घरी आहेत, पण अर्धांगवायूचा झटका येऊन वाचा गेली आहे. "म्हटलं, ह्यास्नी ह्यांचा आवाज ऐकवावा, जरा जिवाला बरं वाटंल. लावलं, तर नातवंडं खदाखदा हसाय लागली. ह्यांनी तोंडच फिरवलं भिंतीकडं. कालपास्नं जेवलं न्हाईत."

आमचं हसू मावळलं. आप्पा मात्र अजून अर्धवट हसत होते. आधी काकींकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्या नजरेत एक प्रश्न होता, आणि तो विचारायची त्यांना लाज वाटत होती.

तेव्हा मला दात कळले, पाटीही कळली. दातांना मोटरची थरथर लागते. मोटर फिरते आहे एवढं समजतं, पण आप्पांनी बसवलेल्या नव्या मोटरचा वेग लावायला कानच लागतात. माझं पत्रक आठवून माझे कान तापले. मी काउंटर ओलांडून आप्पांच्या कानाशी गेलो आणि काकींचं सगळं म्हणणं ओरडून सांगितलं.

आप्पांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

मी तसंच ओरडून म्हटलं, "आप्पा, मी ऐकतो, तुम्ही स्क्रू फिरवा. आत्ता होईल."

"तू त्या माणसाला कवा बोलताना ऐकलायस?"

"नाही."

"मग? ज्येचा आवाज हाय, त्येलाच इचारू. चल, विट्याला न्हे मला."

भर दुपारी शटर खाली आलं. काकी यष्टीनं पुढं गेल्या, आम्ही फटफटीवर मागं.

तात्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. आप्पा खाली जमिनीवर बसले आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "तात्या, मला ऐकू येत न्हाई. लय दिवस झालं. लाजंपायी कुणाला बोललो न्हाई. तुमचा आवाज मी बिघडवला."

"हळू बोला की! गल्ली गोळा हुईल," काकी कुजबुजल्या. ते ऐकू येणार कुणाला? आप्पांनी सगळं पुन्हा एकदा, तेवढ्याच मोठ्यानं सांगितलं. दारात शेजारीण येऊन उभी राहिली.

तात्यांनी मान वळवली.

मोटरच्या पाठीला बारीक भोक असतं, त्यात वेगाचा स्क्रू. आप्पांनी कॅसेट सुरू करून भोकात स्क्रू ड्रायव्हर घातला आणि नजर तात्यांच्या डाव्या हातावर लावली. तेवढाच एक हात चालत होता. आवाज चिवचिवला, हात खाली दबला. आप्पांनी फिरवलं. आता कॅसेटमधले तात्या विहिरीतून बोलल्यासारखे घोगरे झाले, हात वैतागून वर झाला. पुन्हा खाली. पुन्हा किंचित वर. मग त्या हातानं आप्पांचं मनगट घट्ट पकडलं आणि सोडलंच नाही.

खोलीत एक भारदस्त, सावकाश आवाज बोलत होता. काकींनी पदर तोंडाशी धरला. तात्यांचे ओठ हलत होते. आप्पा त्या ओठांकडंच बघत होते.

थोड्या वेळानं काकींनी घाईनं बटण दाबून कॅसेट थांबवली. "बास. फुडलं आमचं हाय," त्या म्हणाल्या आणि गालातल्या गालात हसत चहा टाकायला आत गेल्या.

परतीला तासगावच्या अलीकडं द्राक्षबागा लागल्या. आप्पांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

"शेवटाला काय म्हणत हुता रं?"

मी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि त्यांच्या कानाशी ओरडलो, "म्हणत होते, इथं सगळं हाय, पर एकट्याला करमत न्हाई!"

बागेत काम करणाऱ्या बायका माना वर करून बघायला लागल्या.



"व्हय," आप्पा म्हणाले. "न्हाईच करमत."