गाडीची खोली

हे घराबाहेर कुणाला सांगायचं नाही, असं बाबांनी बजावलं आहे. मी तशीही फारशी बोलत नाही, त्यामुळे त्यांना काळजी नव्हती. लिहायचं नाही, असं मात्र ते म्हणाले नव्हते.

आमच्याकडे एक लांबलचक जुनी गाडी आहे. आजोबांकडून आलेली, काळीभोर, आत खरं चामडं आणि लाकूड. तिची पुढची जाळी बाबा टूथब्रशने घासतात. (त्यांचा स्वतःचा ब्रश कायम हरवलेला असतो.) गाडीला घराला लागून स्वतंत्र खोली आहे. मी बैठकीत सोफ्यावर झोपते आणि टीव्ही बंद झाल्याशिवाय माझी रात्र सुरू होत नाही. म्हणून आईने एके दिवशी भाजी निवडता निवडता निकाल दिला: गाडी विकायची आणि खोली मला द्यायची.

बाबा चक्क हो म्हणाले. जाहिरातही त्यांनीच लिहिली. तिच्यात ‘घाईत असणाऱ्यांनी फोन करू नये’ असं वाक्य होतं. आईने ते खोडलं.

लोक येऊ लागले. बाबा त्यांना चपला काढायला लावत, घरात शिरताना नव्हे, गाडीत बसताना. एका कंत्राटदाराने दार जरा जोरात लावलं. बाबांनी त्याला चहा पाजला आणि गाडी विकायची नाही असं सांगितलं. दुसरा बिस्किट खात आला. त्याला तर चहाही मिळाला नाही.

“तुम्ही गिऱ्हाईक शोधताय की गाडीला पालक?” आईने विचारलं. बाबा यावर गंभीरपणे विचार करत बसले.

मी तोवर खोली मनातल्या मनात लावून टाकली होती. शाळेतून आले की गाडी आणि भिंतीमधल्या फटीत अंग चोरून उभी राहायची आणि टेबल कुठे, पलंग कुठे, ते ठरवायची.

शेवटी दातांचे एक डॉक्टर आले. त्यांनी न सांगता बूट काढले, हात पुसून मगच स्टिअरिंगला लावले. जाळी बघून म्हणाले, माझे पेशंट दातांचं एवढं करत नाहीत. बाबा विरघळले. एक फेरी झाली, सौदा जवळजवळ ठरला. बाबा कागदपत्रं आणायला आणि आई चहा टाकायला आत गेली.

“इतकी जुनी गाडी आणि गंजाचा ठिपका नाही. ठेवता कुठे?” डॉक्टरांनी विचारलं.

उत्तर द्यायला मीच उरले होते. परक्यांसमोर माझा आवाज फुटत नाही, पण या विषयाची माझी तयारी पूर्ण होती. खोलीला ओल नाही, म्हटलं. दुपारचं ऊन आत पोचत नाही. खिडकी उंचावर आहे, म्हणून वारा येतो, पण धूळ येत नाही. उंदीर तर कधी दिसलाच नाही. आजवर माझं इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे मी थांबलेच नाही.

बाबा परतले तेव्हा डॉक्टरांचं ठरलं होतं. “गाडी मी घेतली. पण माझ्याकडे ती उघड्यावर राहील. इथेच राहू दे, खोलीचं भाडं देतो. तुमच्या मुलीने पटवूनच दिलं.”

बाबांच्या चेहऱ्यावर जे पसरलं, त्याला दुःख म्हणता येणार नाही. आई ट्रे घेऊन दारातच थांबली. ती रागावेल असं मला वाटलं होतं.

“ही बोलली?” एवढंच ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात कौतुक होतं.

आता बाबा गाडी पूर्वीपेक्षा जास्त पुसतात, दुसऱ्याची वस्तू आहे म्हणून. मी सोफ्यावरच आहे. आणि आत्ता बाबा हाका मारताहेत, कारण डॉक्टरांचे मित्र आलेत. त्यांचीही एक जुनी गाडी आहे. बैठकीचं दार रुंद केलं तर ती आत नीट राहील का, ते म्हणे मीच सांगू शकेन. मी त्यांना साफ नाही म्हणणार आहे. पण खरं सांगायचं तर बैठकीत ओल अजिबात नाही, आणि वारा तर…