सखुबाईंचा ऱ्हस्व उकार

आफियाला मस्कतच्या शाळेत नोकरी लागली, आणि तिचं विद्यापीठच हरवलं. गुणपत्रिकांवर ‘किनारपट्टी विद्यापीठ’ होतं. मधेच नामांतर झाल्यामुळे पदवीवर ‘सखूबाई भोईर विद्यापीठ’ आलं. दोन्ही एकच असल्याचं पत्र आठ दिवसांत पाठवा, असं शाळेने कळवलं.

तिचे अब्बा करमअली आगरदांड्याचे मासळीचे व्यापारी. नामांतराच्या मोर्चात ते सगळ्यांत पुढे होते. लहानपणी उरणला मामाकडे असताना ते सखुबाईंकडेच लिहायला शिकले. बाई दिवसभर मिठागरात राबत आणि संध्याकाळी पोरांना गोळा करून अक्षरं गिरवायला लावत.

पदवी विभागातल्या सुचिता मॅडम म्हणाल्या, “चाचा, राजपत्राची प्रत लागेल. आमची फाईल मंत्रालयात गेलीय.”

“राजपत्र हाय ना! घरात, भिंतीवर.”

दुसऱ्या दिवशी करमअली काचेची फ्रेम छातीशी धरून हजर झाले. मॅडमनी ती पदवीशेजारी ठेवली, अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“राजपत्रात ‘खु’ ऱ्हस्व आहे. पदवीवर दीर्घ.”

“मग?”

“मग हे तिसरं विद्यापीठ झालं, चाचा.”

प्रकरण कुलसचिवांकडे गेलं. त्या वर्षीच्या चार हजार पदव्यांवर दीर्घच छापला होता. कुलसचिवांनी घाम पुसला आणि तिथल्या तिथे पत्रावर सही ठोकली.

“तिन्ही नावं एकच, असं लिहून दिलंय. फक्त ही फ्रेम घरी न्या आणि कुठे बोलू नका.”

आफियाने पत्र घेतलं. “अब्बा, चला.”

करमअली हलले नाहीत. पोरीची नोकरी हातात होती. पण बाई मरेपर्यंत स्वतःचं नाव ऱ्हस्वच लिहीत.

“साहेब, बाईंनी मला पाटी पुसायला लावली असती.”

“म्हणजे चार हजार पदव्या परत छापू?”

“व्हय. पोरी, तू पत्र घेऊन पुढं हो. मी बसतो हितं.”

ते खरंच बसले. फ्रेम मांडीवर घेऊन, कुलसचिवांच्या दाराशी, कचेरी उघडल्यापासून बंद होईपर्यंत. पदवी न्यायला आलेला जो तो थांबून राजपत्र वाचायचा, मग हातातली पदवी उघडून बघायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुरुस्तीचा आदेश फलकावर लागला. नाव बिनचूक होतं. करमअलींचे डोळे भरून आले. मग त्यांनी चष्मा पुसून मथळा वाचला: ‘शुद्धीपत्रक’.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खिशातून पेन काढलं आणि ‘द्धी’ ऱ्हस्व केला.